सात तुकड्यांचा अंकुर

आमच्या अनुष्काचा पहिला दात पडला तो २००६ सालच्या एप्रिलात. दात एका मुठीत घट्ट धरून दुसऱ्या हाताने ती कात्री चालवत होती आणि कागद नुसता चुरगळत होता. शाळेतून गृहपाठ आला होता. घरातल्या एका माणसाचा चेहरा करायचा, पण पेन्सिल लावायची नाही. गोल, चौकोन, त्रिकोण कापायचे आणि चिकटवायचे. तिने मला निवडलं होतं, कारण दिवसभर घरात सापडणारा माणूस मी एकटाच होतो.

“आजोबा, यू हॅव टू सिट स्टिल.”

“बसलोयच की गं. इथं आल्यापासून बसलोय.”

मी तिच्या हातातली कात्री घेतली. चाळीस वर्षं मी कोल्हापुरात ओतकामाचे लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात ते नमुने. पंपाचं कवच असो नाहीतर गिअरचं चाक, समोर आलेली वस्तू मला आधी तुकड्यांतच दिसते. हा दंडगोल, हा शंकू, ही पेटी. अक्षरं मी अडतिसाव्या वर्षी शिकलो, ही नजर त्याच्या बरीच आधीची. अनुष्काला म्हटलं, नाक-डोळे बघू नकोस. पापण्या मिटत आण आणि मग जे उरतं तेवढंच काप. सात तुकड्यांत मी तयार झालो. चेहऱ्याला तिने जांभळा कागद घेतला. जांभळा का, विचारलं तर म्हणाली, “बिकॉज यू आर ऑलवेज कोल्ड.”

सुनेने, देवयानीने, तो कागद फ्रिजवर लावला. तिथे तो ओळखीतल्या वीणाने पाहिला आणि माझा वर्ग सुरू झाला.

अमेरिकेतल्या या नोव्हाय गावात आमच्यासारखे म्हातारे तेव्हा पुष्कळ होते. मुलं गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनिअर, सुनाही नोकरीला. रस्त्याने चालायला फुटपाथ नाही, बस नाही, आणि आम्हाला कुणाला गाडी चालवता येत नाही. दर बुधवारी देवळाच्या बेसमेंटमध्ये आम्ही जमायचो. भजन म्हणायचं, चहा प्यायचा, कुणीतरी न्यायला येईपर्यंत बसायचं. वीणा बुधवारी घरून काम करायची. ती सासऱ्यांना सोडायला यायची आणि वाटेत मलाही घ्यायची. तिनेच रंगीत कागदांचे गठ्ठे, कात्र्या आणि डिंकाच्या कांड्या आणल्या आणि म्हणाली, “काका, यांना पण शिकवा ना. भजनं रिपीट होतायत.”

नऊ जण शिकायला बसले. मी नियम तीनच केले. पेन्सिल नाही. तुकडे सातच, कारण आठवा मिळाला की माणूस लबाडी करतो, भुवया काढत बसतो. आणि रंग कातडीचा नाही, त्या माणसाचा घ्यायचा. मीनाक्षीबाईंनी पहिल्याच बुधवारी सून केली, नुसते लाल त्रिकोण जोडून. मी म्हटलं, अहो एक तरी गोल घ्या. त्या म्हणाल्या, “असता तर घेतला नसता का मिस्त्री?” सगळे हसले. मग पुढच्या बुधवारी त्यांनी आपणहून एक छोटा पिवळा गोल आणला आणि कपाळाच्या जागी चिकटवला. काय झालं होतं ते कुणी विचारलं नाही.

वीणाचे सासरे त्र्यंबकराव माझ्या शेजारी बसायचे. उंच, कोरडे, हातांच्या शिरा वर आलेले. नाशिकच्या कोर्टात ते बेलिफ होते, एकतीस वर्षं. लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावायचं, जप्तीच्या वेळी उभं राहायचं. कुत्री अंगावर यायची, बायका शिव्या द्यायच्या. ते सांगायचे की समन्स ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं. शेजाऱ्याकडे ठेवून आलात तर ती बजावणी धरत नाहीत. एका माणसासाठी ते सिन्नरजवळच्या एका वाडीवर सात खेपा गेले होते. सातव्या खेपेला तो माणूस म्हणाला, आलात बरं झालं, वाट बघून कंटाळलो होतो.

त्यांना मुलगे दोन. थोरला यशोधन इथला, वीणाचा नवरा. धाकटा अंकुर नाशिकला, विजेच्या कामांवर सुपरवायझर. बायको सई, मुलगी तीन वर्षांची. अंकुर दर रविवारी सकाळी फोन करायचा आणि बोलता बोलता बापाला टोमणे मारायचा. जूनमधल्या एका रविवारी तो म्हणाला, बाबा, तुम्ही आता अमेरिकन झालात, आम्हाला विसरलात. त्र्यंबकराव चिडले. तुझं तू बघ, म्हणाले आणि फोन ठेवला. हे त्यांनीच मला सांगितलं. पुढच्या दोन रविवारी फोन आला नाही. यांनीही केला नाही.

तिसऱ्या रविवारी अंकुर गेला. सिन्नरच्या रस्त्यावर ट्रकने मोटरसायकल उडवली.

यशोधनने वडिलांना सांगितलं की कंपनीच्या कामाला मेक्सिकोला जातोय. तो नाशिकला गेला, भावाला अग्नी दिला, दहाव्यापर्यंत राहिला आणि परत आला. विमानतळावरून घरी जायच्या आधी तो आमच्याकडे आला. गॅरेजमध्येच उभा राहिला, आत आला नाही. डोक्यावर टोपी होती. मिशी नव्हती.

“काका, बाबांचं बायपास होऊन वर्षही झालं नाही. त्यांना झेपणार नाही. दिवाळीपर्यंत थांबू, मग मीच सांगतो. तोवर तुम्ही काही बोलू नका.”

डॉक्टरांनी तसं सांगितलंय का, मी विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरांना विचारलं नाही. माझ्या मुलाने, विनयने, माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचं गिळलं आणि मान हलवली. आपल्याकडे हे असंच करतात. माझी बहीण गेली तेव्हा मलाही पंधरा दिवसांनी कळवलं होतं, कारण मला ताप होता.

बुधवारपर्यंत बेसमेंटमध्ये सगळ्यांना माहीत झालं होतं. वीणाने एकेकाला फोन करून विनंती केली होती. त्र्यंबकराव आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले.

“मिस्त्री, मला एक सांगा. तुमच्या कोल्हापुरात बाप जिवंत असताना मिशी काढतात का?”

मी कागद सारखे करत राहिलो.

“माझा थोरला मेक्सिकोहून मिशी उतरवून आला. डोकंपण सफाचट. म्हणे पांढरी व्हायला लागली होती, आणि उन्हाळा आहे. अरे, बाप समोर बसलाय. मी त्याला म्हटलं, माझा दहावा परस्पर उरकून आलास का?”

एरवी ते असं काही बोलले की मीनाक्षीबाई उत्तर द्यायच्या. त्या दिवशी त्या चहा आणायला उठल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. त्र्यंबकरावांनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांना वाटलं, आपला विनोद जास्त झाला. “जाऊ द्या,” म्हणाले, “आजकालची मुलं.”

अंकुरबद्दल त्यांना सांगितलं गेलं की त्याला मस्कतला नोकरी लागली. घाईत जावं लागलं, साइट वाळवंटात आहे, तिथून फोन लागत नाही. ते रविवारी नाशिकला फोन करायचे. सई बोलायची. तेही ते मला सांगायचे. “सून म्हणते तिला पंधरा दिवसांतून एकदा फोन येतो. म्हणजे बायकोला लागतो, बापाला लागत नाही. तिचा आवाज सारखा बसलेला. सर्दी म्हणते. नाशिकला जुलैपासून सर्दी?”

सप्टेंबरमध्ये त्यांनी ठरवलं की अंकुर करायचा. दिवाळीला नाशिकला जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवायचा, तिथून सई मस्कतला पाठवेल. आधी त्यांना रागच धरायचा होता, पण मग म्हणाले, “मोठा मीच ना. मीच हात पुढे करतो.”

त्यांच्या हाताला कंप होता. मी कागद धरायचो, ते कापायचे. जबडा रुंद म्हणून चेहऱ्याला चौकोन घेतला, तोही केशरी. केसांना काळा अर्धगोल. कान दोन, तेही अर्धगोल, आणि मापापेक्षा मोठे. मी म्हटलं, त्र्यंबकराव, कान फार होतायत. ते म्हणाले, “नाही, तसेच आहेत. शाळेत त्याला सूप म्हणायचे.” नाकाला त्रिकोण. शर्टाला पिवळा त्रिकोण, टोक खाली. हे सहा झाले. डोळ्यांना तुकडे उरले नाहीत, कारण सातवा त्यांनी तोंडाला राखून ठेवला होता. मोठा लाल अर्धगोल, उघडं तोंड. डोळे नसलेला माणूस नको दिसायला, मी म्हटलं, एक कान कमी करा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“डोळे राहू देत. त्याचं सगळं तोंडातच आहे. जन्मल्यापासून गप्प बसलेला नाही.”

मी डिंकाची कांडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते तोंड चिकटवलं आणि वरून अंगठा बराच वेळ दाबून धरला. मी शेजारी बसून बघत होतो. तो माणूस जाऊन दोन महिने झाले होते आणि मी त्याच्या कानांचं माप काढत होतो.

दिवाळी ऑक्टोबरात होती. त्यांनी चित्र दोन पुठ्ठ्यांत बांधलं आणि यशोधनकडे दिलं. यशोधन म्हणाला, ऑफिसमधला राजेश पुण्याला चाललाय, त्याच्याकडे देतो. दिवाळी झाली. यशोधनने सांगितलं नाही. भाऊबीज झाली. सांगितलं नाही.

नोव्हेंबरात एका बुधवारी वीणाच्या गाडीच्या डिकीतून मी कागदांचा गठ्ठा काढत होतो. बर्फ झाडायच्या ब्रशखाली ते पुठ्ठे होते, नाशिकचा पत्ता वर तसाच. त्र्यंबकराव पुढे जिन्याचा कठडा धरून खाली उतरत होते. वीणा माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“मला माहितीय काका. फेकवत नाही. आणि पाठवू कुणाला? सईला? बाबा विचारतात तेव्हा ती फोनवर सांगते, हो, मिळालं, छान झालंय. ती पण खोटं बोलून थकलीय.”

“सांगून टाका आता,” मी म्हटलं.

“मी रोज यशोधनला तेच म्हणते. तो म्हणतो, आता सांगितलं तर बाबा विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलं. त्याचं आन्सर नाहीये आमच्याकडे.” तिने डिकी बंद केली. “आणि तुम्ही सांगू नका प्लीज. तुम्ही सांगितलंत आणि त्यांना काही झालं, तर आम्ही तुमच्याकडे बघू शकणार नाही.”

मी नाही सांगणार म्हटलं. इथे मला स्वतःचंही सांगायला हवं. मला त्र्यंबकरावांच्या काळजाची भीती होतीच. पण त्याखाली आणखी एक भीती होती. वीणाची गाडी बंद झाली असती तर माझा बुधवार बंद झाला असता. विनय आणि देवयानी साडेसातला घर सोडायचे, अनुष्का शाळेतून चारला यायची, आणि मध्ये मी खिडकीतून शेजारच्यांचं गवत बघायचो. त्या बेसमेंटमध्ये कुणीतरी मला मिस्त्री म्हणत होतं. ते मला सोडवत नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारी त्र्यंबकराव गाडीतून उतरून थेट टेबलाशी जाऊन बसले. मी बाकीच्यांना कागद वाटून आलो तर त्यांनी कामाला सुरुवातही केली होती. केशरी चौकोन, काळा अर्धगोल, मोठे कान, नाक, पिवळा शर्ट. परत तोच अंकुर. या खेपेला हात जास्त कापत होता, कडा दातेरी झाल्या होत्या. सहा तुकडे लावून त्यांनी कात्री खाली ठेवली आणि तळवे मांडीवर पुसले.

मी लाल कागद पुढे सरकवला.

“नको.”

“तोंड राहिलं की.”

“बोलत नाही तर तोंड कशाला?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “चित्र मिळालं, सून म्हणते छान झालंय. याच्याकडून एक शब्द नाही. मी काय बोललो होतो असं? तुझं तू बघ, एवढंच ना? माझ्या बापाने मला याच्या शंभरपट ऐकवलं होतं. तरी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो शेवटी.”

मीच एक लाल अर्धगोल कापला. तो मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझं मनगट धरून हळूच बाजूला केलं.

“राहू द्या मिस्त्री. बोलेल तेव्हा लावू.”

मी त्यांच्याकडे वळून बसलो. खोलीत बाकीचे कात्र्या चालवत होते. मीनाक्षीबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना कळलं होतं की मी काय करणार आहे. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, “त्र्यंबकराव, अंकुर रागावलेला नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

तो प्रश्न सरळ होता. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते त्यांच्या नावाचं होतं. माझ्या हातात ते पाच महिने पडून होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वीणा गाडीच्या किल्ल्या वाजवत जिन्यावरून खाली आली. “काका, बाबा, लवकर चला. स्नो सुरू झालाय, रस्ते पॅक होतील.” सगळे उठले, कोट शोधायला लागले. मीही उठलो. त्र्यंबकरावांचा कोट मी धरला, त्यांनी एक बाही घातली आणि दुसरी सापडेना. ती सापडेपर्यंत ते थांबले, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, “मला वाटतं आपलं. मुलगा आहे, रागावेल कसा.”

“मग तुम्ही त्याला ओळखत नाही,” ते म्हणाले.

नाताळात देऊळ दोन आठवडे बंद होतं, मग माझा खोकला, मग बर्फ. त्यानंतर आम्ही बेसमेंटमध्ये एकत्र बसलो नाही.

पुढे काही लोक म्हणाले की त्यांना आतून सगळं ठाऊक होतं, बापाला कळतंच. बोलायला बरं वाटतं म्हणून लोक असं बोलतात. त्यांना ठाऊक नव्हतं. मी शेजारी बसत होतो. ज्याला ठाऊक असतं तो असा चिडत नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना परत झटका आला. बुधवारी विनयने अर्धा दिवस रजा घेतली आणि मला हॉस्पिटलात नेलं. खोलीत यशोधन आणि वीणा होते. यशोधनची मिशी पुन्हा वाढली होती. त्र्यंबकरावांच्या नाकाला नळी होती, आणि हात पांढऱ्या पट्ट्यांनी पलंगाला लावल्यासारखा दिसत होता. मला बघून त्यांनी बोटं हलवली. मी जवळ खुर्ची ओढली. वर्गाचं विचारलं. मी म्हटलं, तुमच्याशिवाय सुरू केलेला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी यशोधनला जवळ बोलावलं. शब्द तुटत होते, पण नीट कळत होते.

“अंकुरला कळवू नकोस.”

यशोधन पलंगाचा दांडा धरून उभा होता.

“नवी नोकरी आहे त्याची. रजा मागेल, ते देणार नाहीत. हा उगाच भांडून निघून येईल. मला माहीत आहे तो.” त्यांनी दम घेतला. “मी घरी आलो की मीच फोन लावीन. मी आधी बोलीन. तू कळवू नकोस.”

वीणा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“नाही कळवत, बाबा,” यशोधन म्हणाला.

मग त्र्यंबकरावांनी मान माझ्याकडे वळवली. “मिस्त्री, तुम्ही पण.”

मी त्यांचा हात धरला होता. “मी पण नाही,” मी म्हटलं.

त्यांचं समाधान झालं. डोळे मिटले आणि झोप लागली. आम्ही चौघे तिथे उभे राहिलो. मग विनय म्हणाला, पप्पा, निघूया, अनुष्काला आणायचंय.

त्र्यंबकराव दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, २५ जानेवारी २००७ रोजी सकाळी वारले. त्यांचा धाकटा मुलगा अंकुर त्यांच्याआधी, ९ जुलै २००६ रोजी, नाशिकजवळ वारला होता.